थंडी उतरेपर्यंत

फ्रिजमधून सिरिंज काढली की आधी घड्याळ बघायचं. आता अर्धा तास काही करायचं नाही. मुठीत धरून तिला ऊब द्यायची नाही, गरम पाण्यात बुडवायची नाही, उन्हात तर अजिबात ठेवायची नाही. हलवायची नाही. सुईचं टोपणही इतक्यात काढायचं नाही. स्टीलच्या ताटलीत ती आडवी ठेवायची आणि तिच्यातली थंडी आपसूक उतरेपर्यंत बसून राहायचं.

दर रविवारी हा अर्धा तास मी आत्याच्या ओटीवर बसते. भाटघरच्या पाण्याकाठचं घर. मे महिन्याच्या उकाड्यात वीस मिनिटांतही काम भागेल, पण आत्या एक मिनिट सोडत नाही. आज तुम्हीही बसा. सतरंजी आहे. पाठ भिंतीला टेकलीत तरी चालेल. चुन्याची भिंत आहे, सदऱ्याला पांढरं लागेल एवढंच.

श्वास मोजू नका. मोजायला लागलं की तो परीक्षेला बसल्यासारखा वागतो. नुसतं समोर बघा.

समोर पाणी आहे, पण लांब. पावसाळ्यात ते पार खालच्या बांधापर्यंत येतं. आता मागं सरून गेलंय आणि मधे सगळा गाळ उघडा पडलाय, उन्हानं तडकलेला, चौकोनी ढपले निघालेला. वेळवंडी नदीचं हे खोरं. धरणाला ब्रिटिशांनी मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलं होतं, लॉइड; जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. लोक दोन्ही म्हणत नाहीत. भाटघर म्हणतात. भरलं की साडेतेवीस टीएमसी पाणी, आणि ते जातं नीरेच्या कालव्यांनी खाली बारामतीला, इंदापूरला, फलटणला. इथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे वाक्य आत्या चिडून म्हणत नाही; पाहुण्याला पाणी देताना सहज म्हणते.

पाणी मागं गेलं की कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात दगड उघडे होतात, गाळ काढला जातो, माणसं जाऊन येतात, आणि पावसाबरोबर ते पुन्हा बुडतं. त्या देवळाकडे थोडा वेळ मनानं बघत राहा. भोवतीचं गाव नाही, रस्ता नाही, झाडं नाहीत. तरी येणारा माणूस बरोबर त्याच उंबऱ्यापाशी वाकतो. जागा गेली, ओळख राहिली. हे मनात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता स्वतःच्या हाताकडे या.

उजव्या हाताची बोटं हळूच मिटा आणि उघडा. तर्जनीचं मुळाशी असलेलं पेर, मग मधलं. दोन हाडांमधे अंड्यातल्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव आहे, अगदी थोडा, आणि त्याला सांभाळणारं एक पातळ अस्तर. तुमचं पेर वाजलं असेल तर वाजू द्या. दुखलं नसेल तर तेवढ्यावर एक क्षण थांबा. न दुखणाऱ्या सांध्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आत्याला तीन वर्षांपूर्वी सकाळी तांब्या धरता येईना. संधिवात म्हटलं की आपल्याला म्हातारपणी झिजलेले गुडघे आठवतात. हा तो नव्हे. हा र्‍हुमॅटॉइड, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते. उठल्यावर तास-दीड तास बोटं लाकडासारखी. भाकरी थापता येईना म्हणून ती दोन महिने पोळपाट पुढं ओढून लाटायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, आताशा चपातीच बरी वाटते. गोधड्या शिवणारी बाई. सुई ओवता येत नाही हे तिनं कुणाला सांगितलं नाही. भोरच्या आठवडे बाजारात नाणी बोटांतून निसटली तेव्हा कळलं.

त्या सुजलेल्या अस्तरात एक निरोप फिरत असतो. त्या निरोपाचं नाव टीएनएफ. हे एक छोटं प्रथिन, १५७ दुव्यांची साखळी, आणि अशा तीन साखळ्या एकमेकींना टेकून उभ्या, चुलीच्या तीन दगडांसारख्या. धोका दिसला की पांढऱ्या पेशी हा निरोप सोडतात. ज्याच्यापर्यंत पोचेल त्यानं पेटून उठायचं: ताप आणायचा, सूज आणायची, आणखी माणसं बोलवायची. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये बीसीजी टोचलेल्या उंदरांच्या रक्तात हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला. तोच बीसीजी, ज्याचा वण तुमच्या दंडावर आहे. हात लावून बघितलात तरी चालेल. ज्या गटानं हे काम केलं त्यातल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं नाव लॉइड ओल्ड. या धरणाचं जुनं नाव आणि हे नाव यांचा काडीचा संबंध नाही, पण मी पहिल्यांदा तो शोधनिबंध वाचला तेव्हा मला भाटघरची भिंत दिसली होती. मनन करताना असलं काही येतंच; येऊ द्यावं, ओसरीवर बसवावं, आत नेऊ नये.

निरोप आहे म्हणजे ऐकणारा हवा. पेशीच्या पृष्ठभागावर ऐकणारे बसलेले असतात. पाठ्यपुस्तकं त्यांना ग्राही म्हणतात, प्रयोगशाळेत आम्ही रिसेप्टर म्हणतो. त्याची रचना डोळ्यासमोर आणा: एक प्रथिन, पेशीच्या भिंतीतून आरपार गेलेलं. डोकं बाहेर, शेपूट आत. बाहेरचं डोकं एकच गोष्ट ओळखतं आणि ती आली की धरतं. धरलं की आतलं शेपूट हलतं आणि पेशीच्या पोटात बातमी जाते.

इथून दिसत नाही, पण खाली धरणाच्या भिंतीत दरवाजे आहेत, ८१. त्यांतले ४५ स्वयंचलित. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्याच्याच भारानं ते उघडतात, पातळी उतरली की मिटतात. ऑगस्टमधल्या रात्री कुणी चावी फिरवायला जात नाही. पाणी दार ठोठावतं आणि दार ऐकतं. लहानपणी आम्हाला ते दरवाजे उघडलेले बघायला नेत, आणि मला खोटं वाटायचं की आत कुणी माणूस नाही. अजूनही पुरतं खरं वाटत नाही. पेशीच्या भिंतीवरही माणूस नाही. आकार आकाराला भेटतो, एवढंच.

थोडा वेळ फक्त एवढ्यावर राहा. आकार आकाराला भेटतो. पुढचा विचार आपोआप येईल, त्याला ओढू नका.

आता ताटलीतल्या सिरिंजकडे बघा. बिनरंगी द्रव. त्यात ५० मिलिग्रॅम इटॅनरसेप्ट आहे, म्हणजे रेणूंच्या संख्येत सुमारे दोन परार्ध. परार्ध शब्द तुम्ही बऱ्याच वर्षांत वापरला नसेल. एकं-दहं-शतंच्या ओळीत सगळ्यात शेवटी यायचा, एकावर सतरा शून्यं. मला तो पाठ होता आणि तो कधी कशाला लागेल असं वाटलं नव्हतं. तर हे दोन परार्ध रेणू म्हणजे काय? ते ऐकणारे आहेत. टीएनएफचा जो रिसेप्टर आत्याच्या, तुमच्या, माझ्या पेशींवर आहे, त्याचं फक्त बाहेरचं डोकं. आरपार जाणारा भाग कापलेला, शेपूट कापलेलं. अशी दोन डोकी शेजारी शेजारी घेऊन ती एका प्रतिपिंडाच्या बुंध्याला जोडलेली, म्हणजे रक्तात ती चार दिवस टिकतात, नाहीतर लगेच धुऊन जातील. रविवारी दिलेलं गुरुवारी निम्मं उरतं.

भिंत नाही, आत नाही, पोट नाही. तरी ओळख शाबूत.

हे माणसाला सुचलं कसं, असं वाटतं. थोडं थांबून ऐका, कारण ही गोष्ट मला सगळ्यांत आवडते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जिनिव्हा आणि इस्रायलमधल्या रेहोव्होत इथले संशोधक माणसांच्या लघवीत टीएनएफला अडवणारं काहीतरी शोधत होते. तापानं फणफणलेल्या रुग्णांची लघवी, लिटरांवारी. त्यात जे सापडलं ते रिसेप्टरचंच तुटलेलं डोकं निघालं. शरीर स्वतःच हे करत होतं. आरडाओरडा फार झाला की पेशीवरची एक कात्री ऐकणाऱ्यांची डोकी छाटते आणि ती सैल सोडून देते. ती तरंगत जातात, निरोपांना धरतात आणि गप्प राहतात. निरोप पोचला खरा. पण ज्याच्याकडे पोचला त्याच्याकडे पुढं सांगायला काही साधनच नाही. १९९१ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं अशा डोक्याला प्रतिपिंडाचा बुंधा जोडून दाखवला. १९९८ मध्ये अमेरिकेत इटॅनरसेप्ट औषध म्हणून आलं. नवं काही शोधलं नव्हतं. शरीराची सवय उचलली होती.

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपलंच आपल्याला टोचतेस होय?"

होय. आणि नाहीही. आपलं आहे, पण आपल्या अंगात वाढलेलं नाही. माणसाच्या जनुकातला तेवढाच तुकडा घेतला, दुसऱ्या एका जनुकाच्या तुकड्याला जोडला, आणि तो बसवला चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून आलेल्या पेशींत. १९५७ मध्ये एका मादीच्या अंगातून काढलेल्या पेशी. मादी गेली, पेशी अजून वाढताहेत, जगभरच्या पोलादी टाक्यांत. जीवाणूंकडून का नाही करून घेत, असं विद्यार्थी विचारतात. इन्सुलिन जमलं ना त्यांना, १९८२ पासून. पण या डोक्यात गंधकाच्या गाठी आहेत, साखळीचे लांबचे दुवे एकमेकांना बांधणारे, डझनावारी. शिवाय वरून साखरेची झालर. जीवाणू धागा कातून देतो, टाके घालत नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागला नाही. एक टाका चुकला की सगळा चौकोन ओढला जातो, ती म्हणाली.

अशी एक जागा आपल्या शेजारीच आहे. मुळशी तालुक्यातल्या घोटवडे गावात लुपिनचं जैवऔषधांचं केंद्र आहे. तिथं घडलेल्या इटॅनरसेप्टला २०१९ मध्ये जपाननं मान्यता दिली, पुढच्या वर्षी युरोपनं. वेल्ह्याचे डोंगर उतरून पलीकडे गेलं की मुळशी. भात, भात, आंबेमोहोर, आणि मधे एका पत्र्याच्या उंच छपराखाली हॅमस्टरच्या पेशी माणसाचे कान घडवताहेत.

आता माझ्या कामाबद्दल एक परिच्छेद सहन करा.

माझ्याकडे येते ती सिरिंज नव्हे, कुपी. बोटाच्या पेराएवढी. तळाशी पांढरी बुरशी लागल्यासारखा थर, ५० मायक्रोग्रॅम. आत्याच्या एका टोचणीचा हजारावा भाग. वर लिहिलेलं असतं: केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. आत तोच रिसेप्टर, तेच डोकं. हीसुद्धा थंड असते, हिलाही घाई चालत नाही. पाणी कडेनं सोडायचं, बोटानं टिचकी मारायची, गरगर फिरवायची नाही, फेस आला तर प्रथिनाची घडी मोडते. मग छोटे छोटे वाटे करून गोठवायचे, कारण पुन्हा पुन्हा वितळून गोठवलं की ते ओळख विसरतं. पहिल्या वर्षी मी एक कुपी अशीच घालवली. महिनाभर वाटत होतं प्रयोग चुकतोय. चुकत नव्हता. ऐकणारे बहिरे झाले होते.

बहिरे झालेत की नाहीत हे बघायची एक जुनी रीत आहे. एल-९२९ म्हणून उंदराच्या पेशी मिळतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवतं. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये त्या वाढवायच्या, त्यांची जनुकं वाचायची यंत्रणा एका औषधानं बंद करायची आणि टीएनएफ घालायचा. रात्रभरात मरतात. मग दुसऱ्या उभ्या ओळीत टीएनएफबरोबर कुपीतला रिसेप्टरही घालायचा, तिसऱ्या ओळीत थोडा जास्त, चौथीत आणखी. सकाळी एक पिवळा रंग टाकायचा; जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. प्लेट प्रकाशाकडे धरली की डावीकडून उजवीकडे पिवळ्याचा जांभळा होत गेलेला दिसतो, करवंदं पिकत गेल्यासारखा. प्रत्येक जांभळ्या खाचेत निरोप आला होता. प्रत्येक खाचेत तो कुणीतरी ऐकून घेतला.

इथं डोळे मिटायचे असतील तर मिटा.

ऐकून घेणं. मराठीत हे क्रियापद किती वेगळं आहे बघा. ऐकणं म्हणजे कानावर येणं. ऐकून घेणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्याकडे ठेवून घेणं. आपल्या ओळखीत असं एखादं माणूस असतं. सासवा-सुना, भाऊ-भाऊ, सगळे त्याच्यापाशी येऊन ओकतात, आणि तिथून एक शब्द बाहेर जात नाही. माझ्या वडिलांनी आणि काकांनी बारा वर्षं एकमेकांबद्दल जे जे म्हटलं ते सगळं या ओटीवर, आत्यासमोर म्हटलं. बांधावरून भांडण. दोघंही उठून जाताना हलके होऊन जात. तिनं याचं त्याला सांगितलं असतं तर बहुधा कोर्टात गेलं असतं. सांगितलं नाही. मला मोठी झाल्यावर वाटायचं, ही बोलत का नाही, हिला काही मत नाही का? आता वाटतं, सगळेच निरोप पुढं न्यायचे नसतात.

तुमच्या मनात अशी एखादी व्यक्ती येईल. तिला येऊ द्या. तिच्यापाशी तुम्ही काय ठेवून आलात ते आठवायची गरज नाही. ठेवलंय, इतकंच.

पण या तुलनेवर फार विसंबू नका, कारण एक जागा अडते. आत्याला कळत होतं कुठलं बोलणं जिरवायचं. रिसेप्टरला कळत नाही. त्याला ओळख आहे, विवेक नाही. टीएनएफचा जो निरोप सांधा जाळतो, तोच निरोप क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचा वेढा टिकवून धरतो. आपल्याकडे पुष्कळांच्या फुप्फुसात असा वेढा असतो, आत जंतू जिवंत पण बंद, कधी कळतही नाही. निरोप अडवले की वेढ्यातली माणसं ढिली पडू शकतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी छातीचा फोटो, क्षयाची तपासणी. आत्याला डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होता का? ती पहिल्यांदा नाही म्हणाली. मग बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाली, सासऱ्यांना होता, त्यांची भांडी वेगळी असायची, मीच घासायचे. तेही तिनं पन्नास वर्षं ठेवून घेतलं होतं. आम्ही परत आत गेलो. तिनं डॉक्टरांना सांगितलं, तपासण्या झाल्या, आधी काही महिने वेगळ्या गोळ्या झाल्या, मग ही सिरिंज.

म्हणजे काही निरोप पुढं न्यायचे असतात.

हे दोन्ही एकत्र मनात धरून बसा. जुळवायचा प्रयत्न करू नका. मी दोन वर्षं केला.

वाऱ्यानं दिशा बदललीय, गाळाचा वास येतोय बघा, ओल्या भांड्यासारखा. लांब पाण्याच्या कडेला कुणीतरी म्हशी घेऊन उतरलंय. मधे एकदा लाइट गेली होती, फ्रिज घुर्र करून पुन्हा सुरू झाला. पावसाळ्यात दोन दोन दिवस जाते तेव्हा आत्याची पुढची सिरिंज भोरला एका ओळखीच्या औषधवाल्याच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला असते. तो तिला विचारतो, आत्याबाई, हे काय असतं एवढं जपायला? ती सांगते, माझी भाकरी आहे.

परवा तिनं थापली. ज्वारीची, जरा जाड, एका कडेला चीर गेलेली. तिनं मला दिली नाही ती, स्वतःच खाल्ली, उभ्यानंच, चुलीपाशी.

बोटं पुन्हा एकदा मिटा, उघडा. पाठ सरळ करा. मांडीला मुंग्या आल्या असतील तर पाय लांब करा, कुणी काही म्हणत नाही इथं.

आत्या आतून विचारते, "झाला का गं अर्धा तास?"

दोन मिनिटं आहेत अजून. मी सिरिंज उचलते, उजेडाकडे धरते. द्रव स्वच्छ आहे, गढूळ नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघते. किंचित गार.

"आहे का थंड?"

"थोडी."

"मग ठेव परत," ती म्हणते, आणि पदरानं हात पुसत येऊन तुमच्या शेजारी बसते.